देवीच्या तसबिरीखालचं पुस्तक

मी मूळची पेडण्याची. नोकरी डिचोली तालुक्यात, मुळगावच्या अलीकडे एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसतात आणि दोन्ही माझ्याकडेच. वर्गात पुस्तकं हवीत, मुलांना हाताला लागतील अशी, हे खूळ डोक्यात शिरलं तेव्हा नवरा म्हणाला की आता जेवण वेळेवर मिळणं संपलं. खरंच संपलं. सुट्टी आली की मी पणजीची दुकानं पालथी घालायची, ओळखीपाळखीच्यांच्या घरातली माळ्यावरची पुस्तकं मागून आणायची. खिडकीपासून फळ्यापर्यंत काथ्याची दोरी बांधली आणि कपड्यांचे चिमटे लावून पुस्तकं टांगली.

पुस्तकं निवडताना मी मुलांची घरं बघितली. काहींचे बाप खनिजाच्या ट्रकांवर होते, तर त्यांच्यासाठी मोठमोठ्या यंत्रांच्या चित्रांचं एक पुस्तक आणलं. त्याची पानं पहिल्याच महिन्यात सुटी झाली. हेडबाई हळहळल्या. मी मात्र घरी येऊन नवऱ्याला आनंदानं सांगितलं की एक पुस्तक फाटलं बरं का. त्याला वाटलं माझं डोकं फिरलं. कुर्ल्या, म्हणजे खेकडे, धरण्यावरचं एक कोंकणी पुस्तक होतं, त्यावरून तर रोज भांडणं.

तिसरीत बेळगावकडची एक मुलगी होती. बाप सेंट्रिंगच्या कामावर, आई औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला. मुलगी वर्गात तोंड म्हणून उघडत नव्हती. पहिल्या दिवशी ती काहीतरी बोलली आणि तिचे हेल ऐकून पोरं हसली, तेव्हापासून गप्प. मी रागावून पाहिलं, गोंजारून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. एका लग्नासाठी बेळगावला गेले तेव्हा तिथून एक कन्नड पुस्तक आणलं. मोठ्या आकाराचं, जाड पुठ्ठ्याचं, आठवडी बाजारात हरवलेल्या म्हशीची गोष्ट. मुलीला कन्नड वाचता येत नव्हतं, पण तिची आई गावात कन्नड शाळेत शिकलेली होती. पुस्तक घरी गेलं. आईनं वाचून दाखवलं, पुन्हापुन्हा दाखवलं असावं, कारण एका सकाळी पोरगी दोरीखाली उभी राहिली आणि अख्खी गोष्ट तिच्या मराठीत सांगून मोकळी झाली. म्हैस बाजारातून पळते तिथे पोरं हसली, पण या वेळी म्हशीला हसली. त्या दिवशी मला माझाच फार अभिमान वाटला.

मग नवरात्र आलं. आमच्याकडे शाळेतलं सरस्वतीपूजन म्हणजे गावचा सण. पालक मंडळींनी आपसांत ठरवून मला न सांगता काचेचं कपाट आणलं, कुलूपकिल्लीसकट. माझी दोरी बघून त्यांना वाईट वाटलं होतं. विद्या अशी चड्ड्या-बनियनांसारखी वाळत घातलेली बरी दिसत नाही, असं एका आजोबांनी समजावलं. "टीचर, ह्या आरमारात पुस्तकां बरी रावतली. कोण हात लावचो ना," ते म्हणाले. आरमार म्हणजे कपाट. कुणी हातच लावू नये यासाठीच ते, आणि हे सगळं मायेनं. भांडणार कुणाशी? मी आभार मानले आणि आत चडफडत राहिले.

पूजेसाठी घराघरांतून पुस्तकं परत मागवली. म्हशीचं पुस्तकही आलं, खाकी कव्हर घातलेलं. मेजावर मांडणी पालकांनीच केली. मोठं आणि टणक म्हणून तेच सरस्वतीच्या तसबिरीखाली गेलं. पूजा झाली, आरती झाली. आता दुसऱ्या दिवशीच्या उत्तरपूजेपर्यंत देवी हलवायची नाही आणि पुस्तकंही उघडायची नाहीत, हा नेम. अभ्यासाला सुट्टी म्हणून पोरं खूश.

प्रसाद वाटत असतानाच मुलीची आई आली, सोबत मुलगी. बापाचं इथलं काम संपलं होतं, मुकादम सगळ्यांना त्याच संध्याकाळी कारवारकडे नेणार होता. शाळेचा दाखला हवा होता. कुठे उतरणार ते तिला ठाऊक नव्हतं. ते पुस्तक मुलीला कायमचं द्यायचं हे मी कधीच ठरवलं होतं. नव्या शाळेत पहिल्या दिवशी दाखवायला तिच्यापाशी काहीतरी असावं, नाहीतर ती पुन्हा गप्प होणार, ही मला भीती. हेडबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, उद्या उत्तरपूजा झाली की घेऊन जा म्हणावं. आजोबाही तेच म्हणाले. दोघांचा आवाज अगदी मऊ होता. उद्या ही माणसं इथे नसणार, हे त्यांनाही कळत होतं, पण त्यांचाही इलाज नव्हता.

मी मेजापाशी गेले. एका हातानं तसबीर उचलायची आणि दुसऱ्यानं पुस्तक काढायचं, एवढंच तर होतं. हात पुढे केला तोच आईनं माझं मनगट धरलं.

"नगा हो बाई. देवीच्या बुडातलं काढलं तर पोरीला इद्या यायची न्हाई."

बाकी कुणी अडवलं असतं तर मी वाद घातला असता. हिच्यापुढे मी हात मागे घेतला. माझा नंबर कागदावर लिहून तिच्या हातात दिला. अजूनपर्यंत फोन आलेला नाही. मुलीला म्हटलं, दुसरं कुठलंही पुस्तक घे, आणि मग लक्षात आलं की सगळीच मेजावर आहेत.

मुलगी पुढे झाली, वाकून पुस्तकाला नमस्कार केला आणि माझ्याकडे वळली.

"बाई, आता त्ये कोन वाचनार?"

मी म्हणाले, वाचेल कुणीतरी. शाळेत कन्नड वाचणारं कुणीच नाही, हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं.