नीलव्वाची शाकाहारी मांजर

दर सोमवारी अंघोळ आणि लिंगपूजा आटोपली की नीलव्वा मांजरीला मांडीवर घ्यायची आणि तिच्या कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढायची. मांजरीचं नाव चन्नी. अंगानं राखाडी, पोटाला पांढरी. डोळे मिटून ती हे सगळं निमूट करून घ्यायची, आणि मग उंबऱ्यावर जाऊन बसायची तेव्हा इतकी सात्त्विक दिसायची की गल्लीतल्या एक-दोन म्हाताऱ्या जाता-येता तिला हात जोडत. मीही एकदा चुकून जोडले होते.

गोष्ट तीस सालाच्या अलीकडची-पलीकडची. सोलापुरात मी नुकताच शाळामास्तर म्हणून लागलो होतो आणि खोली शोधत फिरत होतो. नीलव्वानं मला दारातच उभं केलं.

"कुटले तुमी?"

"सांगोल्याकडचा."

"म्हंजे शेळ्या-मेंढरांच्या मुलखातले. खाता?"

खोटं बोलायचं मनात होतं, पण तिच्या डोळ्याला डोळा भिडवून ते जमेना. "खातो," मी म्हणालो.

"हितं खायाचं न्हाय. अंडं न्हाय, मासळी न्हाय, वाससुदिक न्हाय. बाहेर कुटं खाल्लं तर चूळ भरून, पान खाऊन या. कबूल हाय?"

मी कबूल झालो. लिंगायताच्या घरात मटणखाऊ भाडेकरू ठेवायला ती तयार झाली याचंच मला नवल वाटलं. पुढं कळलं की तिचा धाकटा दीर संगप्पा याचा त्याला सक्त विरोध होता. संगप्पाचं बाजारात भुसाराचं दुकान होतं. तो बायकोमुलांसह घराच्या पुढच्या भागात राही आणि घरातला शब्द त्याचा चाले. मागच्या दोन खोल्या तेवढ्या नीलव्वाच्या नवऱ्याच्या वाटणीच्या, एक तिची, एक भाड्याची, म्हणून तेवढ्यापुरता शब्द तिचा. नवरा जाऊन वीसेक वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. बुटकी, काळीसावळी, हाताला सदा ज्वारीचं पीठ लागलेलं, आणि आवाज असा की मिलचा भोंगा झाला तरी तिचं वाक्य अर्धं राहत नसे. मी तिला अव्वा म्हणायचो.

तर या अव्वाची ठाम समजूत होती की तिची मांजर शाकाहारी आहे. समजूत म्हणण्यापेक्षा फुशारकी म्हणावं. सकाळी दूध-भाकरी, दुपारी ताक-भाकरी, सणाला पुरणपोळी. शेंगाची चटणीसुद्धा चन्नी चाटायची आणि मग अर्धा तास शिंकत बसायची. "जल्मात उंदराला तोंड लावलं न्हाय तिनं," अव्वा सांगायची. "मी देत न्हाय, तर खाईल कुटनं? लिंगायताची मांजर हाय ती." गावातल्या लांबच्या ओळखीच्या बायका ही शाकाहारी मांजर बघायला यायच्या. अव्वा त्यांना बसवून घ्यायची, कडक भाकरीचा तुकडा चन्नीपुढं टाकायची आणि ती कुरुकुरु चावायला लागली की सगळ्यांकडे अशी बघायची की जणू आत्ताच परीक्षेचा निकाल लागला आणि पोरगी पहिली आली.

मला खोलीत येऊन महिना झाला असेल. एका दुपारी अव्वाचा आरडाओरडा ऐकून मी बाहेर आलो. माझ्या दाराशी केराची बुट्टी असायची. त्या बुट्टीत, माझ्याच फाडलेल्या कागदांखाली, पारव्याची पिसं आणि एक पाय होता.

"अय्यो शिवा! मास्तर, काय हो हे? काय कबूल केलंतं तुमी?"

गल्लीतली दारं पटापट उघडली. मी कानावर हात ठेवले, शपथा घेतल्या. कोण विश्वास ठेवणार? मेंढरांच्या मुलखातला माणूस, एकटा राहतो, दार लावून घेतो. पुढच्या आठवड्यात चिमणीचा पंख निघाला. मग उंदराचं शेपूट. उंदराचं शेपूट निघाल्यावर मात्र गल्ली गंभीर झाली. पारवे खाणारा माणूस त्यांना समजू शकत होता, पण उंदीर म्हणजे फारच झालं. शाळेतली पोरंसुद्धा माझ्याकडे जरा आदरानं बघायला लागली.

एक गोष्ट मला कळत नव्हती. ज्या दिवशी अव्वा मला चारचौघांत फाडून खायची, त्याच दिवशी संध्याकाळी माझ्या दाराशी झाकलेलं ताट यायचं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर दह्याचा गोळा. ताट ठेवायची आणि एक शब्द न बोलता जायची. मी खायचो. रागावलेल्या माणसाचं दही इतकं गोड कसं, एवढंच मनात यायचं.

उलगडा श्रावणात झाला. डोकं दुखत होतं म्हणून मी शाळेतून लवकर घरी आलो आणि आवाज न करता पडून राहिलो. मधल्या खिडकीतून अव्वाची खोली दिसायची. ती भाकऱ्या थापत होती. चन्नी आली. तोंडात चांगला गलेलठ्ठ उंदीर. तो तिनं अव्वाच्या पायाशी ठेवला, शेपूट पायांभोवती गुंडाळलं आणि तिच्या तोंडाकडे बघत बसली. कपाळावर सोमवारची विभूती अजून पुसट दिसत होती.

मला वाटलं, आता अव्वा किंचाळणार. अव्वानं पिठाचे हात झटकले. दाराकडे बघितलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "बा, चन्नी, बा. ये अशी. एवढा मोटा? लई चांगलं केलंस गं बाई." आणि तिनं उंदरावर वाकून चक्क मचमच तोंड हलवलं. लिंगायताची बाई, उपवासाला कांद्याचा वास आला तरी नाक दाबणारी, ती मांजरीला दाखवायला उंदीर खाल्ल्याचं सोंग करत होती! चन्नीची खात्री पटली. ती उठली, अव्वाच्या गुडघ्याला अंग घासलं आणि दूध-भाकरीकडे वळली.

मांजर बाहेर गेल्यावर अव्वानं दोन काटक्यांत उंदीर धरला, माझ्या दाराशी आली, बुट्टीतले कागद वर केले, खाली उंदीर ठेवला, कागद नीट पसरले. परत आपल्या दाराशी गेली, हात-पाय धुतले. एक मोठा श्वास घेतला.

"अय्यो शिवा! मास्तर!"

मी उशीत तोंड खुपसून हसत होतो. हसू ओसरल्यावर राग यायला हवा होता, तो काही आला नाही. मला तिचं ते मचमच हलणारं तोंड दिसत होतं. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांना मी दुसऱ्या दिवशी आडून विचारलं. ते म्हणाले, बाहेर बोक्यांचं भय असतं, म्हणून मांजर शिकार सुरक्षित जागी आणते. पोट भरलेलं असलं तर तिथंच लपवून ठेवते. आणि घरातल्या माणसांना ती आपली पिल्लं समजते, शिकार न येणारी, म्हणून त्यांना घास भरवते. म्हणजे चन्नीच्या हिशेबात अव्वा हे एक मोठं, बावळट पिल्लू होतं. हे अव्वाला सांगायची माझी छाती नव्हती.

मी मूग गिळून बसलो. दही मिळत होतं, खोली स्वस्त होती आणि गुपित दोघांतलं होतं, जरी त्यातल्या एकीला मी त्यात आहे हे ठाऊक नव्हतं. पण तेवढ्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. बाळंतपणाला माहेरी गेलेल्या बायकोचं पत्र आलं: मंगळवारच्या मोटारीनं येते, पोरीला सहा महिने झाले, आता माहेरी बास झालं. आणि संगप्पानं मला दुकानात बोलावून सांगितलं, "सोमवारी घरी मठातल्या स्वामींची पाद्यपूजा हाय. असल्या घरात त्येंनी पाणी प्यायचं कसं? पूजेच्या आधी खोली रिकामी करा. वैनीला सांगितलंय मी."

मी दोन दिवस पायपीट केली. पण माझी कीर्ती माझ्यापुढं चालत होती. एका घरमालकानं दारातूनच विचारलं, "उंदीरवाले मास्तर तुमीच की?" सहा महिन्यांची पोर घेऊन बायको मोटारीतून उतरणार आणि मी तिला कुठं नेणार, हे मला कळेना. रविवारी मी अव्वाकडे गेलो. सगळं बोलायचंच असं ठरवून गेलो होतो.

"अव्वा, परवा आमचं कुटुंब येतंय. पोरगीपण."

"येऊ दे की," अव्वा म्हणाली. पण माझ्याकडे बघेना. भाकरी थापताना पहिल्यांदाच तिची भाकरी फाटली. चन्नी तिच्या मांडीशी झोपली होती. मी तसाच परत येऊन ट्रंक भरायला घेतली.

सोमवारी स्वामी आले. पुढच्या सोप्यात माणसं भरली होती. स्वामींनाही मांजरीबद्दल कुतूहल होतं. आल्या आल्या त्यांनी चन्नीचीच चौकशी केली. ती विभूती लावून पाटाशेजारी बसलेली होती. संगप्पा हात जोडून म्हणाला, "स्वामी, घरात एक विटाळ हाय तेवढा आजच काढतो. ह्यो मास्तर." मी ट्रंक घेऊन अंगणात उभाच होतो. सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं.

अव्वा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तो तिनं खाली ठेवला.

"मास्तर कुटं जात न्हाय," ती म्हणाली. "त्येनं काय खाल्लं न्हाय. ते सगळं चन्नीनं आणलं आणि मी त्येच्या बुट्टीत टाकलं."

"वैनी, कायतरी बोलू नका," संगप्पा म्हणाला. "त्या मास्तराला वाचवायला..."

अव्वा कोपऱ्यातल्या जात्यापाशी गेली आणि पालथी घातलेली टोपली उचलली. खाली त्या दिवशीचा उंदीर होता, टाकायला सवड न झालेला. पाहुणे भिंतीपर्यंत मागं सरले. संगप्पाची बायको पाटावर चढली. चन्नीला मात्र आपलं काम एवढ्या लोकांनी बघितल्याचा आनंद झाला असावा. ती उंदराशेजारी जाऊन ऐटीत बसली.

मग स्वामींनी विचारलं, "नीलव्वा, मग तिला मारून हाकललं का न्हाईस? एवढं खोटं कशापायी?"

अव्वाचा तो भोंग्यावर मात करणारा आवाज त्या दिवशी कसा कोण जाणे खाली गेला. "स्वामी, पयलं माझ्या फुशारकीपायी. मग ती रोज आणाया लागली." तिनं चन्नीकडे बघितलं. "ह्येंच्यामागं वीस वर्सं झाली, माझ्यासाटी म्हणून ह्या घरात कुणी काय आणलं न्हाय. ही आणती. ती समोर बसून बघत आसती, स्वामी. हाकलू कशी?"

संगप्पा जमिनीकडे बघत होता. मी ट्रंक खाली ठेवली, कारण हाताला ती जड झाली होती.

स्वामींनी चन्नीकडे नीट बघून घेतलं. "दूध-भाकर खाऊन वर शिकार करती," ते म्हणाले. "लबाड हाय. पण कपाळाचं पुसू नका, ऱ्हाऊ द्या." मग म्हणाले, "उंदीर उचला, जमीन सारवून घ्या आणि पूजा करू. मला भूक लागलीय." लोक हसले आणि घर मोकळं झालं.

मंगळवारी बायको आली. अव्वानं पोरीला तिच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं आणि मला सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं खडसावलं की लेकुरवाळीला उन्हातनं चालवत आणतात व्हय. ती पहिल्यासारखी झाली होती. शाकाहाराचं मात्र तिनं पुन्हा नाव काढलं नाही; आता ती बायकांना चन्नीनं मारलेल्या उंदरांची लांबी हातानं दाखवायची.

त्याच संध्याकाळी संगप्पा दुकानातून आला तो पुढच्या दारानं न जाता मागं आला. हातात कागदाचा पुडा होता. अव्वाच्या दाराशी उभा राहिला, पुढं होईना, मागं जाईना. शेवटी पुडा उंबऱ्यावर ठेवून म्हणाला, "पेढे हाईत. वाटंत दिसले, म्हणून आणले."

अव्वा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं पुडा उचलला, उलगडला, आणि तिथंच बसून एकेक पेढा खायला लागली. गल्लीतल्या पोरांना ओंजळीनं खाऊ वाटणारी बाई, पण त्या दिवशी तिनं कुणाला विचारलंसुद्धा नाही. मी बघितलं, बायकोनं बघितलं, कडेवरची पोरगी हात पुढं करायला लागली. अव्वानं पुडा पदराखाली घेतला. डोळे भरून आले होते आणि तोंडात पेढा होता.

"तिला पायजे तर तिच्या बापाला आणायला सांग," ती माझ्या बायकोला म्हणाली. "हे माझ्यासाटी आणलंय."