रोझीचा पालथा हात

स्टुडिओ बंद केला तेव्हा कॅमेरे कपाटात गेले, किस्से मात्र बाहेरच राहिले. वसईत मी आणि पास्कू, दोघंच पार्टनर. आता चहाला बसलं की एक किस्सा चार किस्से घेऊन येतो. मी चौथी नापास. लिहिण्यात चूक सापडली तर आपापली सुधारून घ्या, मला सांगायला येऊ नका!

*

परवा विरारचा एक बँकवाला आला. माळ्यावर रोलवाला कॅमेरा सापडला म्हणे. "काका, यातलं स्पॉट मीटर म्हणजे काय?"

म्हटलं, "डोळा लाव. मधोमध बारका गोल दिसतो? त्यात येईल तेवढ्याचाच उजेड मोजतो. बाकी जग गेलं खड्ड्यात."

"मग मीटरनेच चालायचं ना?"

"विरारला राहतोस. तुझी रिक्षा चालते का मीटरने?"

*

मीटरला अक्कल नाही. काळं दाखवा, पांढरं दाखवा, सगळं करडं करून ठेवतो. आमच्या पहिल्याच लग्नात पास्कूने गोल धरला नवरीच्या पांढऱ्या गाऊनवर. फोटोत गाऊन राखेसारखा!

नवरीची आई आली. "मेल्यांनो, नवाकोरा गाऊन, चुलीमागचं फडकं करून टाकलात!"

*

पुढच्या लग्नात मी शहाणा. गोल धरला नवऱ्याच्या काळ्या सुटावर. सूट झाला करडा आणि नवरी पिठाच्या डब्यात पडल्यासारखी. नाक नाही, डोळे नाहीत.

नवरा म्हणाला, "हिला मी ओळखत नाही."

सासू म्हणाली, "आता उशीर झाला!"

*

मग पास्कू बायकोलाच घेऊन यायला लागला. रोझीचा हात सावळा, ना काळा ना गोरा. ती नवरीच्या तोंडाजवळ हात पालथा धरायची, पास्कू गोल त्यावर टेकवून मीटरचा काटा जुळवायचा, ती बाजूला झाली की फोटो. परत रोल फुकट गेला नाही.

एका लग्नात मागून कुणीतरी ओरडलं, "रोझी, अंगठी बघितली सगळ्यांनी! खाली कर आता!"

*

फुकट गेला नाही म्हणतो, पण अर्नाळ्याचा एक गेला. रोझी मासळी साफ करून तशीच आलेली. हाताला खवले, उन्हात चमकतायत. मीटर फसला, नवरा-नवरी काळीठिक्कर!

पास्कू खेकसला, "हात धुवायला पानी नव्हतं?"

"पापलेट गिळताना नाही विचारत!"

*

आता कोडाने रोझीचे दोन्ही हात पांढरेफटक झाले. पदराखाली लपवते. नातीचं लग्न ठरलं तर म्हणते, "मी नाही येत. लोक हात बघतात." नात रडली. मी शिव्या घातल्या. बाई हलेना.

पास्कू उठला. कपाटातून कॅमेरा काढला, ब्लॅक अँड व्हाइट रोल भरला, खिडकीत उभा राहिला.

"रोझे, हात धर."

"पांढरा झालाय. मीटर फसेल."

"फसू दे. धर!"

गोल हातावर टेकवला, काटा जुळवला आणि हाताचाच फोटो काढला. रोल स्वतः धुतला.

फोटोत हात सावळा. पूर्वीचा.

रोझी फोटो उजेडाला धरून बसून राहिली. मग म्हणाली, "अंगठी बरी आलीय."

लग्नात मी मुद्दाम मागच्या बाकावरून ओरडलो, "रोझी, अंगठी बघितली सगळ्यांनी! खाली कर आता!"

नवरीच्या तोंडाजवळचा हात तिने आणखी वर केला. "नाही करत!"