पाहुण्यांपुरते सदरे

आमच्या ह्यांना, म्हणजे चारुदत्तांना, फ्रेंच येतं. चीनला कधी गेले नाहीत, पण त्या विषयावर बोलायला लागले की चहाचं आधण आटतं. सत्तरच्या दशकात पुण्यात बँकेतली नोकरी सांभाळून ह्यांनी फ्रेंच प्राध्यापकांचे चीनवरचे लेख मराठीत आणले. तीन आठवडे फिरून आलेली माणसं ती. लिहिलं काय, तर तिथला शेतकरी हसतमुख आहे, पोटभर जेवतो, प्रत्येकाच्या अंगावर कोरा सदरा आहे. दुरून डोंगर साजरे, दुसरं काय! ते वाचून माझे धाकटे दीर विश्वास इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष सोडून धुळ्याकडे गेले, शेतमजुरांची संघटना बांधायला. लग्न नाही की घर नाही. आता दम्याने अंथरूण धरलंय.

पुढे त्या फ्रेंचांतच जुंपली. एक म्हणे आम्ही फसलो, दुसरा म्हणे तू फिरलास. देश सोडून इथे बुकित पंजांगला मुलाकडे राहायला आलो तरी हे ती भांडणं वाचतातच. "अरुणा, खरं कोणाचं गं?" असं मलाच विचारतात. मी काय सांगणार, कपाळ?

दोन हजार सोळा साली शेजारी लिनआजी आल्या. चीनमधल्या खेड्यातल्या, लेकीचं बाळ सांभाळायला आलेल्या. आमची नात मैत्रेयी शाळेत चिनी शिकते. ह्यांनी सात प्रश्न कागदावर लिहिले आणि एका दुपारी ब्लॉकखालच्या बाकावर तिला दोघांच्या मध्ये बसवलं.

पहिला प्रश्न होता, तुमच्या गावात परदेशी पाहुणे यायचे का.

"आजी म्हणतात, यायचे," मैत्रेयी म्हणाली. "त्या दिवशी सगळ्यांना नवे शर्ट मिळायचे. गाडी गेली की परत द्यायचे, लाह." हे शेपटाचं "लाह" तिच्या इथल्या शाळेतलं.

"पाहुण्यांनी काही विचारलं नाही?" हे म्हणाले.

"विचारलं. उत्तर दुभाष्याने दिलं."

मग लिनआजी बाळाला थोपटत आणखी काही बोलल्या. त्यांचा धाकटा भाऊ पूर्वीच्या दुष्काळात भुकेने गेला होता. आवाज जराही हलला नाही बाईचा. ह्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. उरलेले प्रश्न विचारलेच नाहीत.

रविवारी नेहमीप्रमाणे भावोजींचा व्हिडिओ कॉल आला. नाकात ऑक्सिजनची नळी.

"दादा, तो हसऱ्या शेतकऱ्याचा उतारा वाच ना. त्याच्यावर तर आयुष्य काढलं मी."

माझा जीव नुसता जळत होता. सांगा की एकदाचं खरं, म्हणून मी ह्यांना खूण केली. लगेच त्या नळीकडे लक्ष गेलं आणि माझा हात खाली आला. चाळीस वर्षं त्यातच घातलेल्या माणसाला आता काय सांगायचं, आणि कोणी?

ह्यांनी चष्मा लावला. पिवळी पडलेली कात्रणं काढून उतारा वाचला, दोनदा अडखळले. तिकडे भावोजींचे ओठ सोबत हलत होते. त्यांना सगळं पाठ आहे.

"दादा," ते म्हणाले, "सदऱ्यांची ओळ गाळलीस."

ह्यांनी तीही वाचली.