मिस्त्रींना दिलेली बाटली

उमरग्यात माझी स्कूटर बहुतेक वेळ ज्यांच्याकडं असते आणि अधूनमधून माझ्याकडं येते, ते मिस्त्री इंजिन उघडण्याआधी पाना हातात धरून डोळे मिटतात. पहिल्यांदा मला वाटलं, माझी गाडी बघून त्यांना चक्कर आली.

"मिस्त्री, पाणी आणू का?"

"प्रार्थना करतोय, सर. तुमच्या गाडीला नुसता पाना पुरत न्हाय."

एरवी माणसांशी बोलणं कमीच. गिऱ्हाईक ओरडलं, तर ते गाडीलाच सांगतात, "ऐकलंस का, बाई? मालक लई तापलाय."

इंजिन बांधून झालं की मिस्त्रीला बाटली द्यायची, ही आमच्याकडची जुनी रीत. मीही कागदात गुंडाळून नेली. त्यांनी कागद सोडला आणि त्यांचा हात आपसूक झाकणाकडं गेला.

"तीन वर्सं झाली सोडून. येशूनं धरलं म्हणून उभा हाय. पण ह्यो हात अजून इसरला न्हाय, सर."

 मग त्यांनीच बाटली माझ्याकडं परत दिली.

"तुमीच वता गटारीत. म्या झाकण उघडलं तर काय खरं न्हाय. आन् वास जाईपर्यंत जाऊ नका."

मी ओतत होतो. त्यांनी माझा खांदा घट्ट धरला आणि मोठ्यानं म्हणाले, "प्रभू, आजचा दिस मला सांभाळ. उद्याचं उद्या मागतो. आन् ह्या सरांना जरा अक्कल दे."

"आमेन," मी म्हणालो. इतक्या मनापासून मी कुठल्याच देवाकडं काही मागितलं नव्हतं.