कादंबरीत नसलेली जीप

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही — एवढं कारण पुरे आहे.

हिंगोली तेव्हा नुकतीच जिल्ह्याचं गाव झाली होती. आता आपल्याकडेही काहीतरी मोठं व्हावं, अशी सगळ्यांना हौस. त्यातून ठरलं — साऱ्या शहरानं मिळून एकच कादंबरी वाचायची. प्रती गल्लोगल्ली फिरवायच्या. वाचून झालं की शेवटच्या कोऱ्या पानावर सही करायची आणि पुस्तक शेजारच्या घरी द्यायचं. मोहिमेचा प्रमुख मी. मराठीचा मास्तर, दुसरं कोण असणार? प्रत्येक प्रतीवर पहिली सही माझी होती.

मी ती कादंबरी वाचली नव्हती.

थांबा, कबुली ही नव्हे. एवढा गुन्हा तर निम्म्या गावानं केला असेल. सह्या भराभर होत होत्या आणि पुस्तकं कोरी करकरीत परत येत होती. मला ते दिसत नव्हतं का? दिसत होतं. तरी मी घरोघर वाचनाचं महत्त्व सांगत हिंडलो. लोका सांगे ब्रह्मज्ञान — पुढचं तुम्हाला पाठ असेलच.

आमच्या शाळेत गयाबाई होत्या. झाडलोट आणि पाणी भरणं त्यांच्याकडे. सेनगावकडच्या, सातवीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी ती कादंबरी खरंच वाचली — दोनदा. वाचून जे वाटलं ते एका वहीत लिहिलं आणि भीत भीत माझ्या हातात दिलं. "सर, बराबर लिव्हलंय का, तेवढं बघा," म्हणाल्या.

समारोपाला माझं भाषण होतं, आणि वही माझ्या घरी होती. तुम्ही ओळखलंच असेल. मी ती वही पाठ केली. तिच्यात एक प्रसंग होता — तापानं फणफणलेली पोर मांडीवर घेऊन आई जीपमध्ये बसली आहे आणि सवाऱ्या भरल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. आणखी दोन येऊ द्या, आणखी दोन — आणि पोर मांडीवरच गार पडते. कादंबरीचा कळस म्हणून मी तो प्रसंग सांगितला. लोकांनी डोळे पुसले. असं काही पुस्तकात नाही, असं एकानंही म्हटलं नाही. म्हणणार कोण?

गयाबाई म्हणाल्या. कार्यक्रमानंतर, चहाच्या वेळी, पाहुणे माझ्याभोवती उभे असताना. जवळ येऊन, हळू आवाजात. "सर, जीपचं ते पुस्तकात न्हाई. ती माझी सुमी व्हती. लिव्हता लिव्हता आलं ते."

मला नुसती मान खाली घालता आली असती. मी हसलो. पाहुण्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "बाई, ते पान तुमच्याकडून सुटलं असेल. पुन्हा नीट वाचा." सगळे हसले. जिच्या मांडीवर लेकरू गेलं, तिलाच मी सांगितलं की ते पुस्तकातलं आहे.

आठवड्यानं त्यांनी वही मागितली. हरवली, म्हणालो. हरवली नव्हती. पण ती कुणी पाहिली तर? एवढं डोकं माझं तेव्हाही चाललं.

पुढे महिन्याभरानं त्यांच्या गल्लीतली प्रत परत आली, तेव्हा मी पहिल्यांदा ती कादंबरी वाचली. जीप शोधायला. खरं सांगतो, कुठेतरी असावी असं फार वाटत होतं. नव्हती. शेवटच्या पानावर सह्यांची रांग होती, सगळ्यात वर माझी, वळणदार. गयाबाईंची सही त्यांनी स्वतःच खोडली होती. तिच्याखाली लिहिलं होतं — तिसऱ्यांदा वाचलं, ते पान सापडलं नाही.

वही अजून माझ्या कपाटात आहे. गयाबाई निवृत्त होईपर्यंत रोज सकाळी माझ्या टेबलावर पाण्याचा ग्लास आणून ठेवायच्या. मी तो प्यायचो.