उठतानाचा आवाज

लिहिण्याचा माझा अधिकार नाही, आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. चुकलं तर माफ करा. वसतिगृहात बैठका मारायला सुरुवात केली आणि दुसऱ्या सकाळी मांड्या आखडल्या. कॉटवरून उठताना तोंडातून कण्हणं निघालं, पण ते माझं नव्हतं. वीटभट्टीवर राबणारी माझी आई उठताना कण्हायची, अगदी तसंच, तिच्याच आवाजात.

माझा सोबती दचकून म्हणाला, "अरे, खोलीत बाई कोण आली?"

मी हसलो, पण अंगावर काटा आला. गावाकडे आई पाठीच्या ऑपरेशननंतर अंथरुणातून उठलीच नव्हती. दुखणं एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जात असेल का?

दुपारी ताईचा फोन आला. "आई सकाळी आपली आपण उठून बसली रे. कण्हलीसुद्धा नाही."