बिनफोडणीची शिदोरी

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. आमच्या आसेगावच्या सोजरबाई पाणीसुद्धा फुंकून प्यायच्या. स्वतःच्या म्हशीचं दूध स्वतः काढायच्या आणि वर त्यात पाणी आहे का, ते बोट बुडवून बघायच्या. गाव हसायचं. हसणाऱ्यांवरही त्यांचा संशय होताच.

इंग्रजांच्या राज्यातली, जऊळक्याला आगगाडी थांबू लागली त्यानंतरची ही गोष्ट. सून रुख्मिणी पहिलटकरीण, सातवा सरलेला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिची आई कस्तुराबाई जऊळक्याहून बैलांची दमणी जुंपून न्यायला आली. रुख्मिणीनं गाठोडं केव्हाच बांधून ठेवलं होतं.

विहिणीला ओसरीवर बसवून सोजरबाईंनी आधी तिची उरलेली शिदोरी सोडली आणि नाकाशी नेली. भाकर आणि नुसती शिजवलेली डाळ. ना लसणाचा वास, ना तेलाचा थेंब.

"इहीनबाई, डाळीले फोडनी काहून नाही?"

"घाई झाली वं बाई."

"घाईत माणूस मीठ इसरते, फोडनी नाही. घरात कोनाले माता निघाली?"

घरात कांजिण्या असल्या की आमच्याकडे चुलीवर फोडणी चुरचुरत नाही, देवी कोपते. कस्तुराबाईची माणसांना फसवायची तयारी होती, देवीला फसवायची नव्हती. तिला रडू फुटलं.

"नातवाले निघाल्या. लेकराच्या कांजिन्या त्या, उतरतीन. पयलं बाळंतपन सासरी झालं, तं लोक मले काय म्हनतीन?"

"रुख्मिनीले लहानपनी निघाल्या होत्या?"

"नाही."

"मंग मी नाही धाडत. माही बहीन पोटुशी असताना यातच गेली. लेकराले खाज सुटते, पोटुशीच्या छातीत उतरते थे."

मायलेकींना त्यांनी एकमेकींच्या गळ्यातही पडू दिलं नाही. दमणी रिकामीच परतली. रुख्मिणीनं सासूशी बोलणं टाकलं. ओटी भरायला आलेल्या बायकांनाही सोजरबाई दारातच अडवून "घरी कोनाले ताप हाये?" असं विचारायच्या. बायांनी बोटं मोडली. इतकी खाष्ट सासू गावानं पाहिली नव्हती, असं सगळे म्हणाले, आणि मीही म्हणाले.

रुख्मिणीला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

बारशाला कस्तुराबाई आली. अंगणाबाहेरच उभी राहिली, हातातली शिदोरी पुढे केली. लसणाच्या फोडणीचा वास दारापर्यंत आला.

"खपल्या झडल्या पोराच्या?" सोजरबाईंनी विचारलं.

"कवाच्याच. पोरगा खेळून राह्यला." मग ती तिथंच खाली बसली. "त्याची माय गेली. आमची सून, गिरजा. थेच बसे त्याच्यापाशी. पाचवा चालू होता तिले. खोकला लागला, मंग दमच पुरेना."

सोजरबाई दारातून उतरून तिच्यापाशी आल्या. "म्या सांगतलं होतं ना वं तुमाले?"

"सांगतलं होतं. पन तुमी तं साऱ्यायवरच संशय घेता. मले वाटलं, हा बी तसलाच."

सोजरबाईंनी शिदोरी न सोडता आत नेऊन ठेवली, आणि नात आणून विहिणीच्या ओटीत दिली.